मंगळवार, चार ते सहा

फॉर्मवर एक रकाना होता:
मुलांना आपण काय देऊ शकाल?
बराच वेळ पेन धरून बसले.
एकतीस वर्षं टपाल निवडलं मी
पुंता अरेनासच्या कचेरीत.
लोकांची अक्षरं लावली,
जगाच्या या टोकाला येता येता
भिजलेली पाकिटं शेगडीपाशी वाळवली.
यातलं पोराला काय द्यायचं?
शेवटी लिहिलं: मंगळवार, चार ते सहा.

वस्तीच्या सभागृहात गॅसची एकच शेगडी
आणि तिच्याजवळच्या खुर्चीसाठी
पोरांची झुंबड.
माझ्या वाट्याला आला लाउतारो मान्सिया.
वय दहा, अपूर्णांकांत कच्चा,
बोलण्यात त्याहून.
पहिल्या दिवशी टोपी काढली नाही.
दुसऱ्या मंगळवारी
एका कानावरून जराशी सरकवली.
महिन्याच्या अहवालात
याला रकाना नव्हता.

अपूर्णांक मला तरी कुठे येत होते!
आदल्या रात्री स्वयंपाकघरात बसून
पावाचे आधी अर्धे करायचे,
मग पाव, मग अदपाव,
आणि चुकलेले तुकडे खाऊन टाकायचे.
त्या हिवाळ्यात माझं वजन दोन किलोंनी वाढलं.
ते मात्र पूर्णांकात.

एकदा, दोघंही कंटाळलो तेव्हा,
मी कागदावर एक पत्ता लिहिला,
कचेरीत मला कधीच न लागलेला:
इर्मा आत्याला द्यावे,
निळं घर, वाऱ्याकडे पाठ.
त्यानं तो वाचला. परत वाचला.
म्हणाला,
"आमच्या गल्लीत निळी घरं तीन आहेत.
वाऱ्याकडे पाठ एकाचीच."
"म्हणजे एक तृतीयांश," मी म्हटलं.
तेव्हा मला दिसलं,
त्याचा पुढचा एक दात अर्धाच आहे.

मग सप्टेंबरात तो यायचा थांबला.
बाप खेकड्यांच्या बोटीवर,
आई मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला,
एवढंच कोणीतरी सांगितलं.
तीन मंगळवार मी रिकाम्या खुर्चीसमोर बसले,
पेन्सिलींना टोक काढत.
व्यवस्थापक बाई भल्या आहेत, म्हणाल्या,
"दोन्या एदेल्मिरा, दुसरं मूल देऊ का?"
नको म्हटलं.
न पोचलेल्याला
इतक्या लवकर हरवलेल्यांच्या पेटीत टाकत नाहीत.
तेवढं तरी मला येतं.

चौथ्या मंगळवारी असा वारा सुटला
की पालिकेनं कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधले,
माणसांना धरून चालायला.
कोणीच येणार नव्हतं.
मी खिडकीशी उभी, कोटाची बटणं लावत,
तर दोराच्या पार टोकाला दोन ठिपके.
मोठा ठिपका पुढे,
धाकटा त्याच्या पट्ट्याला लटकलेला.

आत आल्यावर त्यानं बहिणीला
शेगडीजवळच्या खुर्चीत बसवलं.
माझ्याकडे बघितलंही नाही.
वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं
(ही सवय माझी, वाईट आहे, ठाऊक आहे)
आणि म्हणाला,
"सावकाश. पत्राला कसली घाई?"
हेही माझंच.
मग पाढा. माझाच ठसका, माझाच सूर:
"सात आठे चोपन्न."

मी कानापर्यंत तापले.
किती मंगळवार, देवा,
हे चोपन्न मी त्याला देत होते?
तोंड उघडणार, एवढ्यात
बोटांवर बोटं ठेवत, पुन्हा पुन्हा मोजत,
ती एवढीशी पोर म्हणाली, "छप्पन्न."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी शेगडीकडे.
"पाकीट चुकलं," मी शेवटी म्हटलं,
"पाठवणारीचीच चूक."
अर्धा दात पुन्हा दिसला.

सहा वाजता हजेरीची वही काढली,
नवीन नाव लिहायला.
तिनं ओठ गच्च मिटले.
टोपी आता तिच्या डोक्यावर होती,
दोन्ही कान झाकून.
मी तेवढी ओळ कोरी सोडली
आणि दिवा मालवायच्या आधी
दोराचं हे टोक
नीट बांधलंय का, ते पाहून आले.